सात आणि अकरा

"मॅडम, हे असलं लेखी देऊ नका," साहेब म्हणाले आणि मुंग्या लागलेला खाऊ दूर सारावा तसा तो कागद त्यांनी दोन बोटांनी टेबलावरून परत सरकवला.

नकाशाबाईने तो पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. "साहेब, काम सुरू झालंय तिथे. मी येताना बघितलं. पत्रे ठोकलेत, मशीन येऊन उभं राहिलंय. आज नाही थांबवलं तर उद्या थांबवायला काही उरणारच नाही."

"अहो, पण मिठाचं कोठारच ना ते? समितीनं यादी बघूनच परवानगी दिलीय." साहेबांनी फाईल उघडून वाचून दाखवलं. "'क्रमांक अकरा, जुने मिठाचे कोठार, जतन करण्याजोगे काही नाही.' पार्किंग होणार आहे तिथे. तुमच्याच पर्यटकांची सोय."

"तेच तर मघापासून सांगतेय! ते कोठार नाही, ते वाटघर आहे. कोठार सात नंबरला आहे. नकाशात आकडे उलटे पडलेत."

"कधीपासून?"

"चोवीस वर्षं."

साहेबांचं स्वतःचं वय छत्तीस. बारा वर्षांचे असताना झालेली चूक कुणी त्यांच्या टेबलावर आणून ठेवेल असं त्यांच्या स्वप्नातही नसणार. "आणि चोवीस वर्षांत कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"माझ्या आलं," नकाशाबाई म्हणाली. "चूक माझीच आहे. प्रुफावर सही माझी आहे. त्या कागदात तेच लिहिलंय."

तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. एकतीस वर्षं ती जुन्या धक्क्याजवळच्या माहिती केंद्राच्या खिडकीत बसून येईल त्याच्या हातात शहराचा नकाशा देत होती, म्हणून सगळं गाव तिला नकाशाबाई म्हणे. बघण्यासारखं काय आहे, हा एकच प्रश्न तिने आयुष्यभर ऐकला. स्वच्छतागृह कुठे आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तिला झोपेत विचारलं तरी देता आलं असतं. तटावरून चालत जा, ऊन चढायच्या आत. दीपगृहाच्या एकशे बेचाळीस पायऱ्या, वर वारा फार, टोप्या सांभाळा. जुनी जकात कचेरी, तोफांचा बुरूज, दोरखंडवाल्यांची गल्ली. पहाटे उठणार असाल तर मासळीचा लिलाव, आणि दुपारच्या फेरीबोटीने बेटावरचा किल्ला, येताना लाटा उसळतात, पोट भरून जाऊ नका. आणि सात नंबर, वाटघर. ते बघितल्याशिवाय जाऊ नका.

वाटघर म्हणजे जहाज कंपनीने बांधलेली एक लांबट खोली. जहाजावर गेलेल्या माणसांच्या बायका तिथे बातमीची वाट बघत बसत. जहाज निघायच्या आधी बाईने भिंतीच्या चुन्यावर एक उभी रेघ ओढायची. माणूस परत आला, की तिने स्वतः येऊन त्या रेघेवर आडवी रेघ मारायची. दीडशे वर्षांच्या रेघा होत्या त्या भिंतीवर. बहुतेक रेघांवर आडवी होती. काहींवर नव्हती.

नकाशा पहिल्यांदा छापायचा ठरला तेव्हा प्रूफ तपासायचं काम तिच्याकडे आलं. केवढी ऐट होती तिला त्याची! नकाशा वेगळ्या कागदावर होता, यादी वेगळ्या. तिने यादी ओळ न् ओळ वाचली, यादी बरोबर होती. नकाशावरचे चौदा ठिपके मोजले, ठिपकेही बरोबर होते. यादी आणि नकाशा एकमेकांशी ताडून बघायचं तेवढं राहिलं. पाचची फेरीबोट सुटायला बारा मिनिटं होती आणि तेव्हा घर पलीकडच्या काठाला होतं. तिने खाली 'तपासले, बरोबर आहे' असं लिहून सही ठोकली आणि धावत सुटली. बोट मिळाली. पंधरा दिवसांनी छापील गठ्ठा आला तेव्हा तिने पहिली प्रत उघडली. वाटघराच्या जागी अकरा होतं, कोठाराच्या जागी सात.

म्हणजे तिने काही केलंच नाही असं नाही. सहा वेळा लिहिलं तिने वर. पण कसं लिहिलं? 'कदाचित नजरचुकीने काही क्रमांकांत बदल झाला असावा, तरी पुढील आवृत्तीत पाहावे.' कुणाच्या नजरचुकीने, ते लिहायला हात धजावला नाही. वरून उत्तर यायचं, पुढच्या आवृत्तीत बघू. पुढची आवृत्ती मागचीवरूनच छापली जायची. मग चकचकीत कागद आला, मग सहा भाषा आल्या, मग फोनमध्ये नकाशा आला. चूक मात्र तीच, उलट दर वेळी अधिक देखणी होऊन यायची.

"मॅडम," साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "दोन महिने राहिलेत तुमचे. आता हे दिलंत तर चौकशी लागेल. शेवटी शेवटी डाग कशाला लावून घेता? आणि मी तरी वर काय सांगू? चोवीस वर्षं जेवढे लोक आले तेवढ्यांना आपण मिठाच्या कोठारात रडवलं, असं सांगू?"

"हो. तसंच सांगा."

"छे हो!" साहेब हसले. वाईट माणूस नव्हता तो. "हे रीतसर यायला पाहिजे. तुमच्या विभागप्रमुखांकडून. ते रजेवर आहेत, सोमवारी येतील."

"सोमवारी तिथे गाड्या उभ्या राहतील, साहेब!"

साहेबांनी खांदे उडवले आणि फोन उचलला. नकाशाबाईने कागद तिथेच टेबलावर ठेवला आणि बाहेर पडली. जिन्यात तिच्या लक्षात आलं, की आपण दात इतके आवळलेत की कानशिलं दुखतायत.

तिला आता एकच सुचत होतं. सात नंबरला जायचं आणि भोंग्याला गाठायचं.

भोंगा म्हणजे गावातला सगळ्यांत जुना गाईड. बंदरातला भोंगा बंद पडला तरी चालेल, आमचा आहे, असं लोक म्हणत, इतका त्याचा आवाज मोठा. त्याच्या हाताखाली बारा गाईड होते आणि बॅटरीवर चालणाऱ्या चार पर्यटक-गाड्या. त्याने ओरडा केला असता, सगळे गाईड पत्र्यापुढे उभे राहिले असते, तर एखादा दिवस तरी मिळाला असता.

कोठारात पोचली तेव्हा तीसेक माणसं भिंतीपुढे उभी होती आणि भोंगा रंगात आला होता.

"ह्या बघा चार उभ्या रेघा," तो सांगत होता. "आणि ही पाचवी, चारींवरून तिरकी. अशा किती जोड्या दिसतात बघा! पाच बहिणी होत्या. पाचही जणींची माणसं एकाच जहाजावर. चौघी आधी गेल्या. धाकटी उरली, तिनं मरताना चारी बहिणींना मिठीत घेतल्यासारखी ही रेघ ओढली..."

एका बाईने डोळ्यांना रुमाल लावला. नकाशाबाईचं डोकंच फिरलं.

"पोती आहेत ती!" ती ओरडली. "मिठाची पोती मोजलीत! चार उभ्या, एक तिरकी, झाली पाच पोती! बहिणी कुठल्या आल्यात डोंबलाच्या!"

सगळे वळून बघायला लागले. रुमालवाली बाई म्हणाली, "अहो, आम्ही किती लांबून आलोय. आमच्या सहलीचा कशाला विचका करताय?" आणि तिच्या नवऱ्याने नकाशा उघडून बोट ठेवलं. "हे काय, सात नंबर. छापलंय ना इथे स्पष्ट."

"ते मीच छापलंय," नकाशाबाई म्हणाली. पण तोवर ती मंडळी परत भिंतीकडे वळून फोटो काढायला लागली होती.

भोंग्याने तिचा दंड धरून तिला दाराबाहेर आणलं. "अगं बाई, वेड लागलंय का तुला? माझ्या पोटावर पाय देतेस?"

"तुला माहीत होतं. पहिल्या वर्षापासून तुला माहीत होतं हे."

"होतं ना! आणि तुला कुणी सांगितलं होतं तेव्हा? मी विचारलं होतं तुला, लोकांना नेऊ कुठे? तू काय म्हणालीस? 'नकाशात आहे तिथे ने, पुढच्या वेळी दुरुस्त करतेय.' म्हणाली होतीस की नाही?"

म्हणाली होती.

"मग नेत राहिलो. पोत्यांच्या रेघांसमोर लोकांना उभं करून काय सांगणार, मीठ? काढल्या पाच बहिणी. आता त्या बहिणींच्या जिवावर बारा घरं जेवतायत." तिचा चेहरा बघून त्याचा आवाज एकदम उतरला. "काय झालंय काय पण?"

"अकरा नंबर पाडतायत. आज."

गावातल्या जुन्या माणसांना जे माहीत होतं ते भोंग्यालाही माहीत होतं. त्या भिंतीवरची शेवटची रेघ नकाशाबाईच्या आत्याची होती.

"आत्याला सांगितलंस?" त्याने विचारलं.

ती चालायला लागली.

आई गेल्यावर नकाशाबाईला आत्यानेच वाढवलं होतं. आत्याचा नवरा जहाजावर इंजिनाच्या कामाला होता. लग्नाला आठ महिने झाले होते तेव्हा तो जहाजावर गेला, आणि ते जहाज कुठल्याही बंदराला लागल्याची बातमी कधीच आली नाही. पुढच्याच वर्षी कंपनीने वाटघराला कुलूप लावलं. आता आत्या शहाऐंशीची होती, माहिती केंद्राच्या मागे दोन गल्ल्या वर पुतणीजवळ राहत होती, आणि फारशी बाहेर पडत नव्हती. 'लोक येतात का गं अजून आमच्या भिंतीकडे?' असं ती अधूनमधून विचारायची. 'येतात तर! रोज,' असं नकाशाबाई सांगायची. खोटं नव्हतं ते अगदी. लोक भिंतीकडे येत होते. कुठल्या, तेवढं ती सांगत नव्हती.

अकरा नंबरला पोचली तेव्हा छप्पर उतरलेलं होतं. चार भिंतींपैकी एक आडवी झाली होती आणि सगळीकडे पांढरी धूळ होती. समुद्राकडची भिंत, तीच ती भिंत, अजून उभी होती. दारावर तिच्याच यादीतला मजकूर असलेली निळी पाटी लटकत होती, 'मिठाचे कोठार'.

मुकादम डबा उघडत होता. तिने त्याला सगळं सांगितलं, एका दमात, उलटसुलट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, मला साहेबाचा फोन आला तर मी थांबेन," तो म्हणाला. "माझ्या हातात काय आहे?"

"तेवढा तुकडा तरी काढून द्या. खिडकीजवळचा. एवढासा."

मुकादम उठून आत गेला, भिंतीला बोट लावून आला. बोट पांढरं झालं होतं. "चुना मेलाय. छिन्नी लावली की भुगा होईल. देऊ का भुगा?" मग त्यालाच वाईट वाटलं असावं. "माणसं दोनपर्यंत जेवतील. तोवर कुणी मशीनला हात लावणार नाही. बघायचं तर बघून घ्या."

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. घरी जाऊन आत्याला घेऊन यायचं म्हणजे आत्याच्या पावलांनी तासभर. ती रस्त्यात उभी राहून रडायच्या बेतात होती. म्हणजे रडू येत नव्हतं, चीड येत होती. साहेबाची, मुकादमाच्या डब्याची, त्या रुमालवाल्या बाईची, आणि सगळ्यांत जास्त पाचच्या फेरीबोटीची. पुढची बोट साडेपाचला होती. अर्धा तास. अर्ध्या तासाने काय बिघडलं असतं?

तेवढ्यात पर्यटकांच्या गाडीची घंटा वाजली. भोंगा स्वतः चालवत होता. मागच्या बाकावर, चार माणसांच्या जागेत, डोक्यावर पर्यटकांची पांढरी टोपी घातलेली आत्या एकटी बसली होती.

"गिऱ्हाईक सोडून आलोय," भोंगा नकाशाबाईकडे न बघता म्हणाला. "मला काही बोलू नकोस."

आत्या काठी टेकत उतरली. पत्रा, ढिगारा, मशीन, सगळ्यांकडे तिने एकेकदा नीट बघितलं. मग दारावरच्या पाटीजवळ गेली आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

"मिठाचं कोठार? हे कुणी लिहिलं?"

चोवीस वर्षं जे वाक्य ती सहा कागदांतून चुकवत आली होती ते आता चुकवायला जागाच नव्हती. "मी, आत्या. आकडे चुकले माझ्याकडून. लोक इकडे कधी आलेच नाहीत. ते कोठारात जातात. तुला मी खोटं सांगत होते."

"कधीपासून?"

"चोवीस वर्षं झाली."

आत्याने काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. "म्हणून पाडतायत होय?" ती म्हणाली.

"म्हणूनच."

आत्या रागावली असती, दोन शब्द बोलली असती, तर बरं झालं असतं. पण तिने फक्त पुतणीचा हात धरला, कारण आत विटांवरून चालायचं होतं.

खिडकीच्या खाली, कमरेएवढ्या उंचीवर, ती रेघ होती. आजूबाजूच्या रेघांपेक्षा बारीक, पण खोल. केसांच्या आकड्याने ओढलेली. आत्या खाली बसली. भोंग्याने कुठूनसं एक पालथं घमेलं आणून दिलं होतं त्यावर. तिने बोट रेघेवरून वरून खाली नेलं, मग परत वर.

"किती गर्दी होती त्या दिवशी," ती म्हणाली. "हात पोचेना, म्हणून खाली काढली. ते म्हणाले, एवढी खोल कशाला, लगेच तर येणार आहे."

बाहेर मुकादम घड्याळ बघत होता. नकाशाबाई आत्याजवळ उकिडवी बसली. आपल्या अंबाड्यातला आकडा काढून तिने आत्याच्या तळहातावर ठेवला.

"आत्या, मार आडवी रेघ. आता कुणी बघायला नाही. भिंत जायचीच आहे. निदान त्यांची सुटका तरी कर, आणि तुझी."

आत्याने आकड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"अगं, पण ते आले नाहीत ना," ती म्हणाली.

"हो, पण..."

"आले नाहीत, तर आडवी कशी मारू? भिंत पडो नाहीतर राहो. जे झालंच नाही ते झालं म्हणून लिहू होय मी?"

तिने आकडा परत पुतणीच्या केसांत खोचला, लहानपणी खोचायची तसाच, जरा टोचेल असा. मग हात पुढे केला. "चल, उठव मला. ह्या लोकांचा खोळंबा होतोय."

भोंग्याने फोटो काढून ठेवला होता, पण उन्हात त्यात नुसता पांढरा चुना आला. दोन वाजता मशीनने भिंतीला मधोमध टेकून ढकललं. फारसा आवाजसुद्धा झाला नाही. आत्या गाडीत बसून शेवटपर्यंत बघत होती.

घरी जायला ती तयार नव्हती. "घरी एकटी काय करू? तुझ्याकडे बसते," म्हणाली. म्हणून तीनच्या सुमाराला माहिती केंद्राची खिडकी उघडली तेव्हा आत दोन खुर्च्या होत्या. टेबलावर नकाशाबाईचा सकाळचा कागद परत आलेला होता. वर साहेबांचा शेरा होता, 'सोमवारी चर्चा करावी.' तिने तो वाचला, घडी घातली आणि टपालाच्या पिशवीत परत टाकला. या वेळी पाकिटावर साहेबांच्याही वरच्या साहेबांचा पत्ता होता.

मग तिने नकाशांचा गठ्ठा पुढ्यात ओढला आणि लाल पेन शोधलं. सातवर काट, वर अकरा. अकरावर काट, वर सात. यादीत वाटघरापुढे लिहिलं, 'आज पाडले'. आत्याने नाकावर चष्मा सरकवून पहिली प्रत डोळ्यांजवळ धरली. बोटाने आधी यादीतला आकडा शोधला, मग नकाशातला, मग पुन्हा यादीतला. बराच वेळ लावला.

"जुळतंय," ती म्हणाली. "दुसरा आण."

खिडकीशी एक जोडपं येऊन उभं राहिलं. तरुण होती दोघं, खांद्याला पाण्याच्या बाटल्या. "ताई, बघण्यासारखं काय काय आहे इथे?"

नकाशाबाईने तोंड उघडलं आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिला सुरुवात सुचेना. तिने आत्याच्या हातातली प्रत घेतली आणि पुढे केली. मुलीने ती उलटीपालटी करून बघितली. लाल शाई अजून ओली होती, तिच्या अंगठ्याला लागली.

"ह्यावर खाडाखोड आहे," ती म्हणाली. "कोरा नाहीये का एखादा?"

शेजारी अख्खा कोरा गठ्ठा पडला होता, खिडकीतून स्पष्ट दिसत होता. नकाशाबाईने त्यातला वरचा उचलला, आपल्यासमोर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.

"नाही," ती म्हणाली. "आता असाच मिळेल."